टेसाची स्लिप

"आलं बघ पुन्हा," मी म्हणाले आणि कॉम्प्युटरचा पडदा सेल्बीकडे वळवला.

पिवळ्या चौकटीत लिहिलं होतं: सहा वर्षांखालचं मूल दाखवलं आहे, पण बालभत्त्याची स्लिप भरलेली नाही. कृपया तपासा.

सेल्बी डर्नफर्डने ते ओठ हलवत वाचलं. "म्हणजे माझं काही चुकलं का, बर्निस?"

"तुझं काय चुकणार! टेसाचा भत्ता ज्याला मिळतो, त्याच्या घरी दर फेब्रुवारीत सरकारी स्लिप येते. ती भर म्हणतंय हे यंत्र. तुला आली का?"

"मला कशाला येईल?"

"मग कोणाला येते?"

विचारून गेले आणि जीभ चावली. आमच्या गल कोव्ह गावात असलं काही कोणी कोणाला विचारत नाही. समुद्रातले मासे संपले तशी आमची अर्धी तरुण माणसं दूर पश्चिमेला अल्बर्टाच्या तेलखाणींवर गेली, आणि त्यांची पोरं इथे आजी-आजोबांकडे वाढू लागली. कोणाचं पोर, आई कधी येणार, ही चौकशी ना दुकानात होते ना चर्चमध्ये. सेल्बीने दुकानातून इवलेसे बूट घेतले की दुकानदारीण मुकाट्याने कागदात गुंडाळून देते. याला आम्ही सभ्यपणा म्हणतो. मला विचाराल तर त्यात निम्मा भित्रेपणा आहे.

सेल्बीची लेक ट्रूडी अल्बर्टाला गेली तेव्हा तिची टेसा लंगोटात होती. "पुढच्या उन्हाळ्यात येते आणि घेऊन जाते," असं सांगून गेली. उन्हाळे येत होते, जात होते. बायको आधीच वारलेली, त्यामुळे सगळं सेल्बीच्याच गळ्यात. होडी विकून तो हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ काढायची गाडी चालवायचा. पोरीच्या वेण्याही तोच घालायचा. जन्मभर जाळी विणलेला माणूस तो! त्याच्या गाठी वादळातसुद्धा सुटल्या नसत्या. वेणी सोडवताना मात्र आजोबाची पुरती त्रेधा उडायची.

चर्चच्या तळघरात मी दर वसंतात गावाचे करांचे रिटर्न फुकट भरून देते. सेल्बीच्या रिटर्नमध्ये दरवर्षी एकटा सेल्बी. यंदा त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाला, "टेसालाही घाल." सप्टेंबरात पोर शाळेत जाणार होती. शाळेतल्या कारकून बाईंनी त्याला विचारलं होतं, ती तुमच्याकडे राहते हे दाखवणारा एखादा कागद आहे का? घरभर शोधूनही त्याला एक कागद सापडला नव्हता. चार वर्षं वाढवलेली पोर, आणि कागदोपत्री त्याची कोणीच नाही. हे त्याला फार लागलं होतं.

"तिचं नाव काढलं की चौकट जाते," मी म्हणाले आणि काढून दाखवलं. यंत्र लगेच खूश. एकही त्रुटी नाही, म्हणे.

"काढलंस?"

"नुसतं दाखवलं रे."

"परत घाल आधी."

टेबलाखाली खात बसलेल्या टेसाचा आवाज आला, "पॉप, मला कुठे घालताय?" आजोबाला ती पॉप म्हणते.

"कागदात, बाळा."

"मी मावेन?"

"बन खायचे थांबवलेस तर मावशील," मी म्हणाले. काकवीचा तिसरा बन होता तो.

मी नाव परत घातलं. पिवळी चौकट परत आली. सेल्बी तिच्याकडे बघत बसला.

"स्लिप ट्रूडीकडे जाते," शेवटी तो म्हणाला.

"ठाऊक आहे मला."

"मग विचारलंस कशाला?"

"मी नाही विचारलं, यंत्राने विचारलं. त्याला आपल्या गावची रीत कुठे माहीत! हे बघ, तू हिला आपल्याकडे दाखवलंस की करखातं ट्रूडीला पत्र धाडणार. त्याआधी तूच बोल तिच्याशी."

"तिला वाटेल, बाप पोर हिसकावून घेतोय. रागाच्या भरात येऊन घेऊन गेली तर? मग मी काय करू, बर्निस?"

मी भिंतीवरच्या फोनकडे बोट दाखवलं. तो उठला, टोपी घातली, परत काढली आणि नंबर फिरवला.

"ट्रूडी, मी बोलतोय. नाही गं, कोणी मेलं नाही. हो, खाडीत बर्फ आहे अजून... खाते की, मला भिकेला लावेल इतकी खाते." मग घसा खाकरून, "ते टेसाच्या भत्त्याचं गं. स्लिप तुझ्याकडे येते ना? नाही नाही, मागत नाहीये मी. पैसे राहू देत तुझ्याकडे. इथलं यंत्र विचारतंय म्हणून."

मग तो नुसता ऐकत राहिला. फोनची वायर बोटाभोवती गुंडाळत होता, सोडत होता. मी उगाचच चहाचे कप पुसायला घेतले.

"या उन्हाळ्यात?" त्याने हळूच विचारलं. इतक्या वर्षांत त्याने हे कधी विचारलं नव्हतं.

पलीकडून जे काही आलं, ते लांबलचक होतं.

"बरं," सेल्बी म्हणाला. "रडू नकोस. बरं, पोरी. जप."

खुर्चीत येऊन बसला तेव्हा तो एकदम म्हातारा दिसला. "टेसाचं सगळं तुमच्याच नावावर करा म्हणते. सही करून कागद पाठवते."

"चांगलं झालं की मग!"

"झालं ना. चांगलंच झालं."

मी पुढे केलेला बन त्याने हातात घेतला आणि टेबलाखाली टेसाला दिला. नात आपल्याकडेच राहणार हे त्याला कळलं होतं, आणि लेक परत येणार नाही हेही. त्याला जवळ घ्यावंसं वाटलं मला, पण आमच्याकडे तेही कोणी करत नाही. मी चौकट बाजूला सारून रिटर्न पुढे ढकललं आणि छापलेली प्रत त्याच्या हातात दिली. सेल्बीच्या नावाखाली टेसाचं नाव होतं. त्याने अंगठ्याने दोन्ही नावं चाचपून पाहिली.

पुढच्या वसंतात तो आला तो चर्चला जायचा ठेवणीतला कोट घालून. टेसा शाळेत होती. त्याच्या हातात भजनांचं पुस्तक होतं आणि त्यात सुरकुतीही पडू न देता ठेवलेली बालभत्त्याची स्लिप. वर त्याचं नाव छापलेलं.

"अरे वा! आण, भरून टाकते," मी हात पुढे केला.

त्याने पुस्तक मागे ओढलं. "आधी ते यंत्र विचारेल ना?"

"स्लिप भरली की कशाला विचारेल?"

"मग आत्ता भरू नकोस."

"सेल्बी, बाहेर माणसं खोळंबलीत माझी!"

"खोळंबू देत. एकदा विचारू दे त्याला."

मी कपाळाला हात लावला. पण टेसाचं नाव, जन्मतारीख घातली आणि स्लिपचा रकाना तसाच मोकळा सोडून तपासणीचं बटण दाबलं. पिवळी चौकट आली. मी पडदा त्याच्याकडे वळवला.

सेल्बीने टोपी काढली. ओठ हलवत सगळं वाचलं, शेवटच्या 'कृपया तपासा'पर्यंत. मग पुस्तक उघडून स्लिप पडद्यासमोर दोन्ही हातांनी धरली.

"आहे," तो यंत्राला म्हणाला. "आमच्याकडेच आहे."