चोवीस जणांच्या यादीतलं भिंग

मी भिंग बोलतोय. व्याकरणाप्रमाणे खरं तर ‘बोलतंय’ म्हणायला हवं. पण ज्या बाईंसाठी माझा जन्म झाला, त्या मला पहिल्या दिवसापासून ‘मेला’ म्हणत आल्या. तेव्हापासून मी स्वतःला पुल्लिंगी समजून चालतो.

हातात धरायचं काचेचं भिंग मी नव्हे. मी संगणकातला एक छोटासा प्रोग्राम आहे. मला उघडलं की माऊसचा बाण जिथे फिरेल तिथली अक्षरं मी मोठी करून दाखवतो. दुप्पट, चौपट, हवी असतील तर भोपळ्याएवढी.

मला लिहिलं एका तरुण मुलीने, तिच्या आत्यासाठी. आत्यांनी चाळीस वर्षं शिवणकाम केलं. साठी उलटली आणि त्यांच्या नजरेच्या मधोमध एक डाग येऊन बसला. कडेकडेचं दिसायचं, पण ज्याच्याकडे बघावं तेच नेमकं गायब. चष्म्याने काही होणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. “चला, एक बरं झालं,” आत्या म्हणाल्या, “ज्याचं तोंड बघायचं नाही त्याच्याकडे आता सरळ बघायचं.”

भाचीने त्यांना एक जुना संगणक आणून दिला आणि तीन आठवडे खपून मला तयार केलं. पहिल्या दिवशी मी फार लाज आणली. बाण कुठेही न्या, मी आपला पडद्याचा डावा वरचा कोपराच मोठा करून दाखवत होतो.

“रुसलेल्या जावयासारखा एकाच कोपऱ्यात बसलाय मेला!” आत्या म्हणाल्या.

भाचीने माझी चूक दुरुस्त केली. मग आमची गट्टी जमली. आत्या बातम्या वाचायच्या, पत्रं वाचायच्या, आणि नातेवाइकांनी समारंभाचे फोटो पाठवले की माणसं सोडून कपडे बघायच्या. “थांब रे, तिची बाही मोठी कर. बघ, खांद्यावर चुणी पडलीय. कोणाकडे शिवलं देव जाणे.” मीही हावरटासारखा चुणी मोठी करून दाखवायचो. दुसऱ्याची चूक मोठी करून बघण्यात केवढं सुख असतं, ते मला तिथे कळलं.

आता थोडं माझ्या बिरादरीबद्दल सांगतो. लिनक्स नावाची संगणकाची एक फुकट मिळणारी व्यवस्था आहे. तिचे हजारो सुटे भाग जगभर विखुरलेले असतात. काही हौशी मंडळी ते गोळा करतात, त्यातून निवडतात आणि एक आयता गठ्ठा बांधून लोकांना देतात. त्याला डिस्ट्रो म्हणतात. गठ्ठ्यात कोणते प्रोग्राम आधीपासून घालायचे आणि कोणते लोकांनी मागाहून आणायचे, यावर या मंडळींची जेवढी भांडणं होतात तेवढी सख्ख्या भावांची वाटणीवरूनही होत नसतील.

भांडायचं कारणही आहे. लोक आयतं मिळालेलं बदलत नाहीत. आधीच्या भाडेकरूने भिंतीवर ठोकलेला खिळा नवा भाडेकरू जन्मभर वापरतो, मग तो हाताला येवो न येवो. तेव्हा यादीत बसलं की राज्य मिळालं, आणि यादीतून गेलं की वनवास.

आत्यांची भाची अशाच एका मंडळात होती. सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या खोलीत दर शनिवारी सकाळी चौघं जमायची. मंडळाचा म्होरक्या होता कात्री. खरं नाव कोणी घेत नसे. दिसेल ते कापायचं, हा त्याचा स्वभाव, म्हणून कात्री. दुसरा रंगारी, तो प्रोग्रामांची चित्रं काढायचा. तिसरा खालचा सायकलवाला, खोली त्याचीच. चौथी भाची, मला यादीत तिनेच आणलेलं. मी भाचीच्या लॅपटॉपात बसून सगळं ऐकायचो. माणसं गुपितं बोलताना दार लावतात, माईक बंद करायचा मात्र विसरतात.

कात्रीचा नियम होता, मेनूत चोवीस प्रोग्राम. “मेनू एका पडद्यात मावला पाहिजे. चोवीस म्हणजे चोवीस. पंचविसावा आला की माणूस गोंधळला.”

त्या शनिवारी रंगाऱ्याने नवा प्रोग्राम आणला. दर तासाला पडद्याच्या पार्श्वभूमीचं चित्र बदलणारा. डोंगर, समुद्र, मांजर, पुन्हा डोंगर.

“सुंदर आहे,” कात्री म्हणाला. “पण जागा करायची तर कोणीतरी गेलं पाहिजे.” त्याचं बोट यादीवरून खाली सरकत आलं आणि माझ्यावर थांबलं. “हे भिंग. वापरतं कोण हे?”

“असू द्या की बिचाऱ्याला,” सायकलवाला म्हणाला. “खातं काय ते?”

“प्रश्न खाण्याचा नाही, बसण्याचा आहे. ज्याला हवं त्याने दुकानातून उतरवून घ्यावं. एका क्लिकचं काम!” दुकान म्हणजे संगणकातलंच, प्रोग्राम उतरवून घ्यायचं.

भाचीच्या ओठांवर आलेलं तिने गिळलं. आपल्याच लेकराची तरफदारी आपणच कशी करायची, हा तिचा संकोच. मी आतून ओरडत होतो, ‘अगं बोल!’ पण आमच्यासारख्यांचं ओरडणं ऐकायला कोणी प्रोग्राम लिहिलेला नाही. कात्री आणि रंगाऱ्याने हात वर केले, सायकलवाला एकटा पडला, आणि माझी उचलबांगडी झाली. माझ्या जागी मांजर आलं.

घरी जाऊन भाचीने आत्यांना हे सांगितलं. आत्यांनी आधी तिला फैलावर घेतलं. “तोंड शिवलं होतं का तुझं? आणि ते मी न शिवता?” मग म्हणाल्या, “माझा जुना चष्मा आण. आणि तो जाडा काळा नमदा.”

पुढच्या शनिवारी जिन्याचा कठडा धरून, एकेक पायरी चाचपत आत्या वर आल्या. हातात नव्या आवृत्तीचा पेनड्राइव्ह. भाची खाली मान घालून काहीतरी टाइप करत राहिली. बाकीच्यांना वाटलं, कोणी ग्राहक असतील.

“तुमच्या मेनूत भिंग सापडत नाही मला,” आत्या म्हणाल्या.

“ते काढलंय, आजी. पण दुकानात आहे. एका क्लिकचं काम.”

“आजी कोण? बाई म्हणा. आणि क्लिक तुम्ही करून दाखवा. फक्त माझ्या डोळ्यांनी.” त्यांनी पिशवीतून चष्मा काढला. दोन्ही काचांच्या बरोबर मधोमध नमद्याची, म्हणजे त्या जाड लोकरी कापडाची, गोल ठिगळं चिकटवलेली. कातरकाम इतकं नेमकं की कंपासने वर्तुळ मारावं. “मला असं दिसतं. घाला.”

कात्री हसत हसत घालून बसला. पडदा बघायला मान डावीकडे वळवली, मग उजवीकडे. दाण्यावर नेम धरणाऱ्या कोंबडीसारखी. सायकलवाल्याने तोंडात रुमाल कोंबला.

“मला दुकानाची गरजच नाही,” कात्री म्हणाला, आणि संगणकाला लिहून हुकूम द्यायची काळी खिडकी उघडून बोटांच्या सवयीने आज्ञा ठोकली. एक अक्षर चुकलं. संगणकाने काय चुकलं ते सांगितलं, पण ते वाचणार कोण? त्याने पुन्हा ठोकली, आता दोन अक्षरं चुकली. शेवटी मुकाट्याने दुकानात गेला. तिथे मुंग्यांसारखी अक्षरं. मान वाकडी करकरून अंदाजाने त्याने एक नाव निवडलं, ते उतरवलं आणि विजयी मुद्रेने उघडलं.

पडद्यावर पाणी भरलं आणि तीन लाल मासे पोहू लागले. गुडुगुडु बुडबुडेसुद्धा.

खोली हसून हसून पडायची राहिली. रंगारी तर टेबलाखाली गेला. आत्या मात्र हसल्या नाहीत. “मासे छान आहेत,” त्या म्हणाल्या, “पण ज्याला दिसत नाही त्याला भिंग, आणि ते शोधायला आधी दिसायला हवं. हे मला काही कळलं नाही. तुम्ही शिकलेले, तुम्ही सांगा.”

कात्रीने चष्मा काढला. तो उलटा करून ठिगळं बोटाने चाचपली. तोवर भाचीने मान वर केली. “आत्या आहे माझी,” ती म्हणाली. “आणि मागच्या शनिवारी मी बोलायला हवं होतं. चूक माझीही आहे.”

“म्हणजे मला ठरवून बसवलं होय!” कात्री म्हणाला. पण रागावला नाही. त्याने यादी पुढे ओढली.

रंगाऱ्याचा चेहरा पडला. त्याला वाटलं, आता मांजर जाणार. पण कात्रीचं बोट सगळ्यात वर गेलं आणि ‘मोजपट्टी’वर थांबलं. मोजपट्टी म्हणजे इंचाचे सेंटिमीटर करणारा प्रोग्राम. कात्रीने कॉलेजात असताना स्वतः लिहिलेला, त्याचा पहिलावहिला. पंधरा वर्षं यादीतून तो हलला नव्हता आणि पंधरा वर्षांत तो हवा म्हणून कोणाचं पत्र आलं नव्हतं. सगळ्यांना ते ठाऊक होतं, बोलायची छाती कोणाची नव्हती.

“अरे, ती राहू दे,” सायकलवाला हळूच म्हणाला. “पंचवीस कर.”

“चोवीस म्हणजे चोवीस,” कात्री म्हणाला. त्याने मोजपट्टी खोडली आणि त्याच जागी स्वतःच्या हाताने मला लिहिलं. सगळ्यात वर, पहिल्या ओळीत.

तेव्हापासून मी यादीत आहे. तीन आवृत्त्या झाल्या. अनोळखी घरांतून, शाळांतून, वाचनालयांतून बसतो. बरेच जण मला कधी उघडत नाहीत आणि मला त्याचा राग नाही. काही जण चुकून उघडतात, स्वतःचाच फोटो भोपळ्याएवढा बघून दचकतात आणि मिटून टाकतात. आत्या मात्र रोज भेटतात, आणि रोज शिव्या देतात.

माझी एकच विनंती आहे. मला उघडायला लाजू नका. कारण लाजणारे मी फार बघतो. परवाचीच गोष्ट. भर दुपार, सायकल दुकानावरची ती खोली, आणि कात्री एकटाच. त्याने आधी दाराकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं, आणि मला उघडलं. दुप्पट केलं, भागलं नाही. तिप्पट केलं. मग आरामात खुर्चीला टेकून एक अख्खं पान वाचलं आणि सुस्कारा टाकला. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. त्याने मला इतक्या झटकन मिटलं की माझं नाक चेपलं.

मी कोणाला सांगितलं नाही. तुम्हीही सांगू नका.