पिकू दे

वस्तरा शिक्षकांच्या कानाच्या पाळीला लागला आणि गळ्याभोवतीच्या पांढऱ्या कापडावर लाल थेंब पडला. महिन्यातला हा तिसरा कान. थोरल्यानं तुरटीसाठी हात पुढे केला, पाण्याची बाटली पाडली, आणि डावीकडच्या खुर्चीशी उभ्या असलेल्या धाकट्या भावाकडे न बघताच म्हणाला,

“कोपर लावलंस.”

धाकटा चांगला चार पावलं लांब होता. शिक्षक उठले आणि उरलेली दाढी करून घ्यायला मुकाट्यानं त्याच्या खुर्चीत जाऊन बसले. थोरल्याच्या मते ही गिऱ्हाईक पळवायची युक्ती होती, आणि तसं तो येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचा.

दोघांचं बोलणं बंद होऊन दोन वर्षं होत आली होती. भांडण म्हणावं तर झालंच नव्हतं, आणि न झालेलं भांडण मिटवणार कसं? दुकान वडिलांचं, खुर्च्या दोन, आरसे दोन, आणि वडिलांचा नियम एक: हातात वस्तरा असताना तोंड उघडायचं नाही. त्यामुळे आलो, निघालो, हे सांगायचं ते हात वर करून. एके दिवशी थोरल्यानं त्याला उत्तर द्यायचं सोडलं. धाकटा डावीकडच्या दारातून हात वर करी आणि हा ढुंकूनही बघत नसे. महिनाभर धाकट्यानं गिळलं. मग त्याचाही हात खाली राहिला. तो शिष्ट तर शिष्ट, माझं कुठे अडलंय?

सुट्टीच्या दिवशी सकाळीच वहिनी धाकट्याच्या दारात उभी राहिली. घरात दाराला धडकतात, पिंपाला धडकतात आणि शिव्या मात्र मला, असं म्हणाली. भाऊजी, आज तुम्ही त्यांना मोठ्या दवाखान्यात नेताय. तिच्या आवाजात विनंतीचा मागमूस नव्हता.

दवाखान्यात डॉक्टर बाईंनी डोळ्यांच्या शिबिरातला जुना, चुरगळलेला कागद सरळ केला.

“दोन वर्षांपूर्वी थेंब लिहून दिले होते. घातले?”

“बिंदू पिकायची वाट बघत होतो,” थोरला म्हणाला. त्यात लपवण्यासारखं काय होतं? वडिलांचा पिकला, मग काढला, आणि म्हातारा शेवटपर्यंत पेपर वाचत होता.

बाईंनी पेन खाली ठेवलं.

“तो मोतीबिंदू. हा काचबिंदू. हा पिकत नाही, खातो. थांबायला कोणी सांगितलं?”

शिबिराच्या मांडवाबाहेर कागद वाचून धाकटाच म्हणाला होता, पिकू दे रे दादा, घाई कशाला. ‘काच’ त्यानं वाचलंच नव्हतं, बिंदू तेवढा वाचला होता. आता थोरला नाव घेणार म्हणून त्यानं मान खाली घातली. थोरला बोलला नाही.

बाईंनी थोरल्याला आपल्या नाकावर नजर ठेवायला सांगितली आणि मान न वळवता डावीकडे कोण दिसतंय ते विचारलं.

“कोणी नाही. भाऊ आलाय बरोबर, पण तो बाहेर असेल. माझ्याशेजारी कशाला बसेल?”

धाकटा त्याच्या डावीकडे, हातभर अंतरावरच्या स्टुलावर बसला होता. त्यानं हळूच हात वर केला, दुकानाच्या दारातून करायचा तसा. थोरला बाईंच्या नाकाकडे बघत राहिला. धाकट्याला तिथेच रडू आलं.

गेलेली नजर परत येणार नाही, बाईंनी सांगितलं. वस्तरा आता बंद. उरलेली टिकवायची असेल तर सकाळ-संध्याकाळ थेंब, जन्मभर. गेलेलं येत नसेल तर थेंब काय चाटायचे, असं थोरल्यानं त्यांना विचारलं आणि बाटली न घेताच उठला. ती धाकट्यानं घेतली. फाटकापाशी थोरला थांबला.

“पिकू दे म्हणालेलास तू.”

“हो.”

“बाईंसमोर सांगितलं नाही म्हणजे माफ केलं असं समजू नकोस.”

दोन दिवस बाटली वहिनीकडे तशीच पडून राहिली. तिसऱ्या दिवशी सकाळी, गिऱ्हाईक यायच्या आधी, थोरला भिंतीला हात लावत दुकानात आला. आपली खुर्ची सोडून धाकट्याच्या खुर्चीत बसला, मान मागे टेकवली आणि खिशातून बाटली काढली. बायकोचा हात थरथरतो, म्हणाला. धाकट्यानं बाटली घेतली आणि सवयीनं खुर्चीच्या डाव्या अंगाला, आपल्या जागेवर उभा राहिला.

“कुठे गेलास?”

“इथेच आहे, दादा.”

“समोर ये. तिथे उभा राहिलास तर आणखी दोन वर्षं जातील.”

धाकटा समोर येऊन वाकला. बाटली उघडण्याआधी त्यानं हात वर केला. थोरला त्या हाताकडे बराच वेळ बघत राहिला.

“थेंब घाल,” तो म्हणाला.