दोन दिवसांची गाडी

जावईबापूंना गाडी घ्यायची होती, आणि तीही साधीसुधी नाही. विजेवर चालणारी, पाय ठेवताच पाठ सीटला चिकटवणारी. घेण्याआधी दोन दिवस भाड्यानं चालवून बघा, असं म्हणणारी एक कंपनी त्यांना सापडली आणि ते सकाळीच सासऱ्यांच्या दारात हजर झाले. गाडी इतकी गुपचूप आली की सासरे झाडांना पाणी घालत पाठमोरे उभे होते, ते तसेच उभे राहिले.

सासरे म्हणजे घाटातल्या बसचे निवृत्त ड्रायव्हर. डेपोत त्यांना सगळे ‘सेकंड’ म्हणायचे, कारण मागचे कितीही हॉर्न वाजवोत, घाट ते कायम दुसऱ्या गिअरमध्येच उतरवायचे. आता इतक्या जपून चालवणाऱ्याला तरी नशिबानं सोडावं की नाही? पण एकदा भर उतारावर ब्रेकनं दगा दिला. सेकंडनी जीव खाऊन पेडल दाबलं, दाबतच राहिले, आणि शेवटी बस डोंगराला घासून थांबवली. प्रवासी वाचले. दारात उभा असलेला कंडक्टर, त्यांचा जिवलग दोस्त, तेवढा वाचला नाही. चौकशीत दोष ब्रेकचा निघाला, पण त्यानं सेकंडचं समाधान झालं नाही. उरलेली नोकरी त्यांनी सपाटीवर काढली. अकरा वर्षांत ते घाट उतरले नाहीत, दुसऱ्याच्या गाडीत बसूनसुद्धा नाही.

आणि लेकीचं घर नेमकं घाटापलीकडे. तिच्या लग्नाला सहा वर्षं झाली तरी बापानं ते पाहिलं नव्हतं. तीच यायची, कधी तोंडातून कुरकुर नाही. पण आता तिला सातवा महिना होता, डॉक्टरनं अंथरुणातून हलायचं नाही म्हणून दम दिला होता, आणि आई तर केव्हाच गेलेली. परवा फोनवर ती एकदाच म्हणाली, बाबा, या ना. सेकंडनी बघू म्हणून फोन ठेवला आणि त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही.

तेव्हा गाडी दाखवायला आलोय हे जावयाचं निमित्त त्यांनी लगेच ओळखलं. माथ्यापर्यंत येतो, त्यांनी बजावलं, तिथं चहा पिऊ, मग मी पायीच माघारी.

चढाला लागेपर्यंत जावईबापू गाडीचं गुणगान गात होते. शून्यापासून शंभराचा वेग डोळ्याचं पातं लवायच्या आत, वगैरे. सेकंडना त्यात रस नव्हता. पण ज्या चढावर त्यांची बस दमेकऱ्यासारखी धापा टाकायची, तो चढ ही गाडी चुपचाप चढून गेली. आवाज नाही, धूर नाही, थरथर नाही. सेकंडनी खिडकीची काच खाली केली. आयुष्य घाटात गेलं, पण घाटातला वारा त्यांनी आज पहिल्यांदा ऐकला.

माथ्यावर चहा झाला. सेकंड दरीकडे पाठ करून उभे होते. पलीकडच्या पायथ्याशी लेक झोपून होती आणि यांचे पाय जमिनीतून निघत नव्हते. तुम्ही चालवली तर उतारावर मी बसणार नाही, त्यांनी सांगून टाकलं. राग धरू नका, जीवच धजत नाही.

“मग तुम्ही चालवा, मामा,” जावईबापू म्हणाले. “गाडी भाड्यानं घेताना दुसरा ड्रायव्हर कोण ते सांगावं लागतं. तुमच्या लेकीनं तुमचं नाव दिलंय. मी नको म्हणालो होतो, खरं सांगतो. ती म्हणाली, बाबांच्या गाडीत मी डोळे मिटून बसेन.”

रिकामा ग्लास सेकंडनी दोनदा ओठाला लावला. मग गाडीला वळसा घालून ते स्टिअरिंगमागे जाऊन बसले.

पहिल्याच वळणापुढे रस्ता एकदम खाली गेला. सेकंडचं डोकं बधिर झालं, पण अंगात मुरलेली सवय जागी झाली. उजवा पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून उचलला गेला, डावा क्लच शोधू लागला आणि डाव्या हातानं दुसरा गिअर टाकायला दांडा पकडून जोरात मागे ओढला. दांडा कसला, तो जावईबापूंचा गुडघा होता. जावईबापू कळवळले. सेकंडचं तिकडे लक्षच नव्हतं.

गाडी आवरत होती. इतक्या उतारावर, ब्रेकला स्पर्शही न करता, जणू कुणीतरी मागून हलक्या हातानं धरून ठेवल्यासारखी ती संथ होत गेली. सेकंडनी पाय किंचित टेकवला, ती सरकली. पुन्हा उचलला, पुन्हा आवरली.

गुडघा चोळत जावईबापूंनी समजावलं. पाय काढला की चाकंच मोटर फिरवतात, त्यानं वेग कमी होतो आणि वर वीज परत बॅटरीत भरते. सेकंडनी समोरच्या पडद्यावर पाहिलं. खरंच, खाली जाता जाता बॅटरीचा आकडा वाढत होता. ज्या उतारानं त्यांचा माणूस गिळला होता, तो उतार आज काहीतरी परत देत होता.

मग अपघाताचं ते वळण आलं. सेकंडनी पाय उचलला. डोंगर होता तसाच होता. गाडी हळूहळू त्याच्या कडेनं गेली, आणि सेकंड तोंडातल्या तोंडात दोस्ताशी काहीतरी बोलले. जावईबापूंनी खिडकीबाहेर बघून घेतलं.

लेक उशीला टेकून पडली होती. दारात बाप दिसला तेव्हा आधी तिचा विश्वासच बसेना. सेकंड तिच्या पायाशी बसले.

“पाय उचलला की थांबते गं,” ते म्हणाले. “नुसता उचलायचा. मी त्या दिवशी किती दाबला, किती दाबला...”

लेकीनं त्यांचा हात घट्ट धरला.

“अकरा वर्षं दाबूनच धरलाय, बाबा,” ती म्हणाली. “आता उचला.”

मग सेकंड लहान मुलासारखे रडले. बराच वेळ. रडून झाल्यावर ते उठले, आणि त्यांनी लेकीचं घर एकेक खोली करत सगळं पाहिलं.