आडव्या गाडीचा जबाब

बायकांना गाडी शिकवणाऱ्या त्या बाईला सगळे मास्तरीण म्हणायचे. शिकणारणीच्या शेजारच्या सीटवर बसून ती दिवस काढायची. पायाखाली जादा क्लच, जादा ब्रेक. हातात मात्र काहीच नाही. त्यामुळे सगळा कारभार तोंडाचा. "क्लच दाबा, आरसा बघा, त्या सायकलवाल्याकडे बघू नका, तो बघतोय तुमच्याकडे." सकाळी सातला सुरू झालेलं तोंड संध्याकाळी घरी आल्यावरही चालूच राहायचं. गप्प बसायची वेळ आली की तिला एक वेगळाच त्रास व्हायचा: हसू यायचं. शाळेतल्या प्रार्थनेत, दवाखान्यात, दिराच्या साखरपुड्यात, जिथं म्हणून गंभीर राहायचं तिथं पोटातून बुडबुडे वर यायला लागायचे.

तिच्या सासूबाई याच्या अगदी उलट. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांना नंबर जोडून देण्यात घालवली होती. "जे काही बोलायचं ते तिथंच बोलून झालं," असं त्यांचं म्हणणं. घरात दिवसाला चार वाक्यं, त्यातली दोन भाजीबद्दल. अशा सासूबाई एका सकाळी चहाचा कप खाली ठेवून म्हणाल्या, "मला गाडी शिकव."

मास्तरणीला इतका आनंद झाला की तिनं तिथल्या तिथं त्यांच्या हातात किल्ली दिली.

अकराव्या दिवशी धडा होता गाडी उलटी फिरवण्याचा: अरुंद रस्त्यात पुढं, मागं, पुन्हा पुढं करून आलो त्या दिशेला तोंड करायचं. त्यासाठी मास्तरणीनं दिव्यांच्या दुकानांची गल्ली निवडली. सकाळी दहाला तिथं कुत्रंही फिरकत नसे.

"आता आडवी घाला," ती म्हणाली.

सासूबाईंनी गाडी आडवी घातली आणि ती बंद पडली. चालू केली, बंद पडली. चालू झाली तेव्हा गिअर पडेना, गिअर पडला तेव्हा तो भलताच पडला. फुटपाथच्या कडेला चाक घासलं. मागे एक टेम्पो, दोन स्कूटर, एक मोटार असं करत रांग लागली आणि सगळे मिळून हॉर्न वाजवायला लागले. एक टकला माणूस मोटारीतून उतरून हातवारे करत काहीतरी ओरडत होता. त्या गोंगाटात मास्तरणीला त्याचं फक्त तोंड हलताना दिसलं. असे ओरडणारे तिनं शेकड्यानं पाहिले होते. तिनं खिडकीतून हात जोडले, छतावरच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या पाटीकडे बोट दाखवलं आणि पुन्हा पायांकडे लक्ष दिलं. गाडी एकदाची फिरली तेव्हा दोघींनी टाळ्या वाजवल्या.

दुपारी बाराला पोलीस ठाण्यातून फोन आला. दोघींनाही या म्हणाले.

झालं होतं असं, की त्याच वेळी त्याच गल्लीत दोन माणसांनी एका दुकानातून भलंमोठं झुंबर उचलून नेलं होतं. टकला माणूस त्या दुकानाचा मालक. तो त्यांच्या मागे मोटार घेऊन निघाला, तर पुढं रस्ता अडवून उभी असलेली शिकाऊ गाडी. अकरा मिनिटं! चोरांचे साथीदार याहून वेगळं काय करणार? पाटीवरचा फोन नंबर त्यानं पोलिसांना दिला होता.

मास्तरणीनं लगेच नणंदेला फोन लावला. नणंद वकील होती. उंचीला दाराच्या चौकटीला टेकायची, पण धाकटी म्हणून घरात अजून तिला बारकीच म्हणत.

"मी कोर्टात आहे, तासाभरात पोचते," बारकी म्हणाली. "नाव, पत्ता सांग, लायसन्स मागितलं तर दाखव. बाकी काहीही विचारलं तरी एकच उत्तर: माझी वकील आल्यावर बोलेन. गप्प बसायचा तुला हक्क आहे, वहिनी. जमेल ना?"

"जमेल की. आणि आईंना काय सांगू?"

"आईला काय सांगायचंय? ती बोलते का कधी!"

यावर दोघीही फोनवर खळखळून हसल्या.

ठाण्यात दोघींना वेगवेगळ्या खोल्यांत बसवलं. मास्तरणीच्या खोलीत एक टेबल, तीन खुर्च्या आणि भिंतीवर गेल्या वर्षीचं कॅलेंडर होतं. दाराशी एक महिला कॉन्स्टेबल उभी राहिली. समोर बसलेले इन्स्पेक्टर साहेब वयस्क, आवाजानं मऊ होते. त्यांनी नाव विचारलं, तिनं सांगितलं. पत्ता विचारला, सांगितला.

"बरं. दहा वाजता त्या गल्लीत काय करत होतात?"

"माझी वकील आल्यावर बोलेन."

"हरकत नाही," साहेब म्हणाले आणि खुर्चीत मागे रेलून गप्प बसले.

याची तिनं तयारी केली नव्हती. साहेब प्रश्न विचारत राहतील आणि आपण बाणेदारपणे नकार देत राहू, असं तिनं मनात रंगवलं होतं. हा माणूस तर नुसताच बसून राहिला. शांतता वाढत गेली. टेबलावर माशी चालत होती, तिच्या पायांचाही आवाज येईल असं वाटायला लागलं. मास्तरणीच्या जिभेला मुंग्या आल्या. हवेबद्दल बोलावं का? हवेबद्दल बोलणं म्हणजे जबाब होतो का? कॅलेंडर जुनं आहे एवढं तरी सांगावं? आणि मग व्हायचं तेच झालं, पोटातून पहिला बुडबुडा वर आला. तिनं ओठ दाबले. दुसरा आला. तिनं ओढणीचा बोळा तोंडात कोंबला आणि खांदे गदगदायला लागले.

"रडू नका," साहेब हळुवारपणे म्हणाले. "मन मोकळं करा."

त्यानं तर कहरच झाला. दाराशी उभ्या कॉन्स्टेबल बाईच्या लक्षात आलं की हे रडणं नाही. तिनं घाईघाईनं भिंतीकडे तोंड फिरवलं आणि तिचेही खांदे हलायला लागले.

तेवढ्यात शेजारच्या खोलीतून आवाज आला. भिंत पातळ होती. आवाज सासूबाईंचा होता आणि तो थांबतच नव्हता.

"...तर लग्न झालं तेव्हा यांच्याकडे सायकल होती. मी मागे बसायची. पंधरा वर्षं मागे बसले. मग स्कूटर आली, पुन्हा मी मागेच. मला म्हणाले, तुला कशाला हवंय शिकायला..."

मास्तरणीचं हसू जागच्या जागी थिजलं. सासूबाई बोलत होत्या! कुणीतरी त्यांना "अगदी सुरुवातीपासून सांगा" म्हणालं असणार, आणि एक्स्चेंज सोडल्यापासून असं त्यांना कुणी म्हणालं नव्हतं. बोलणं सायकलवरून स्कूटरवर, स्कूटरवरून मुलाच्या लग्नावर, तिथून सुनेवर आलं. सून फार गुणाची, असं ऐकून मास्तरणीच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. इतक्या वर्षांत हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. साहेब मध्येच उठून तिकडे गेले. मग धडे सुरू झाले: पहिला धडा, दुसरा धडा, क्लच. आणि मग स्वच्छ, खणखणीत वाक्य भिंतीतून आलं: "सूनबाई म्हणाली, आडवी घाला. मी घातली. मी तिचं सगळं ऐकते."

"बस, बस! एवढं पुरे," साहेबांचा आवाज आला आणि पाठोपाठ ते स्वतः आले. आता ते मऊ राहिले नव्हते. "सासूबाईंनी सांगितलंय. रस्त्यात गाडी आडवी घालायला तुम्ही सांगितलंत. खरं की खोटं?"

बाप रे! तोंड उघडून दोन वाक्यांत सगळं समजावून सांगावं, अशी उबळ तिच्या गळ्यापर्यंत आली. पण सासूबाईंनी सांगितलं ते सगळं खरं होतं, आणि त्या खऱ्याचंच केवढं भलतं झालं होतं! आपण घाबरून घाईघाईनं बोलायला लागलो तर काय काय निघेल तोंडातून? तिनं एक लांब श्वास घेतला.

"माझी वकील आल्यावर बोलेन," ती म्हणाली, आणि या वेळी तिला हसू आलं नाही.

वीस मिनिटांनी बारकी आली. काळा कोट, हातात फायली, कपाळावर आठ्या. आल्या आल्या तिनं दोघींशी एकांतात बोलायला वेळ मागितला. साहेबांनी पाच मिनिटं दिली. दार लागलं आणि ती आईकडे वळली. "आई, तू? तू बोललीस?"

"प्रेमानं विचारलं गं त्यांनी," सासूबाई म्हणाल्या.

मग तिघी इतक्या हसल्या की पाचातली दोन मिनिटं त्यातच गेली. उरलेल्या तीन मिनिटांत बारकीनं बोटांवर मोजत बजावलं. "चोरांना ओळखता? नाही ना? मग नीट ऐका. आता बोलायचं, कारण गप्प राहून तुमचं काही भलं होणार नाही, आणि मी शेजारी आहे. खोटं अजिबात नाही. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणायचं, अंदाज ठोकायचा नाही. आणि आई, विचारलं तेवढंच! लग्नापासून नाही."

साहेबांसमोर तिघी ओळीनं बसल्या.

"गाडी आडवी घालायला तुम्ही सांगितलंत?"

मास्तरणीनं बारकीकडे पाहिलं. बारकीनं मान डोलावली.

"हो. आडवी घातल्याशिवाय गाडी फिरवता येत नाही. आजचा धडाच तो होता."

"अकरा मिनिटं?"

"आईंची पहिलीच वेळ होती."

"गाडी फिरवायला कुणाला अकरा मिनिटं लागत नाहीत, मॅडम."

सासूबाई ताठ झाल्या. "मला लागतात," त्या म्हणाल्या. "दाखवू?"

बारकीनं कपाळाला हात लावला, क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "माझी हरकत नाही."

ठाण्याचं आवार त्या गल्लीएवढंच रुंद होतं. सासूबाई स्टीअरिंगवर, मास्तरीण शेजारी, बारकी मागच्या सीटवर गुडघे हनुवटीला लावून. पायऱ्यांवर सगळं ठाणं जमलं. साहेबांनी घड्याळ लावलं. पहिल्या फेरीत गाडी आडवी झाली आणि बंद पडली. दुसऱ्या फेरीत ती एका कुंडीला भिडली. सातव्या मिनिटाला गाडी बरोबर फाटकात आडवी होऊन बसली, आत जायला नाही, बाहेर जायला नाही. मास्तरणीचं तोंड आता मोकळं सुटलं होतं. "क्लच, आई! तो ब्रेक आहे! साहेबांकडे बघू नका!" पायऱ्यांवरचे पोलीस "मागे, मागे! आता पुढे!" करत ओरडत होते. कॉन्स्टेबल बाई टोपी हातात घेऊन हसत होती. नऊ मिनिटं, दहा मिनिटं. बाराव्या मिनिटाला साहेब घामाघूम होऊन खिडकीशी आले.

"पटलं," ते म्हणाले. "मला पटलं. पण बाई, मला एक सांगा. एवढा वेळ तिथं उभ्या होतात, समोर काहीच दिसलं नाही का हो तुम्हाला?"

सासूबाईंनी आरशातून लेकीकडे पाहिलं. बारकीचं तोंड उघडंच राहिलं. मग तिनं जोरजोरात मान डोलावली.

"दिसलं ना," सासूबाई म्हणाल्या. "हॉर्न सुरू व्हायच्या आधी दोन माणसं झुंबर घेऊन पळत होती. त्याचा किणकिण आवाज येत होता, म्हणून पाहिलं. एकाच्या कानात लोलक अडकला होता. राखाडी व्हॅन, मागचं एक दार दोरीनं बांधलेलं. नंबरचे शेवटचे आकडे सात-शून्य-सात-तीन. पुन्हा सांगू? सात-शून्य-सात-तीन."

कॉन्स्टेबल बाईनं नंबर तळहातावर लिहून घेतला.

"हे आधी का नाही सांगितलंत?" साहेब जवळजवळ किंचाळले.

"तुमचे लोक सुरुवातीपासून सांगा म्हणाले. मी तिथवर येतच होते, तर तुम्ही उठून गेलात. मग लेक म्हणाली, विचारलं तेवढंच."

"मीही विचारलं नाही," मागच्या सीटवरून बारकी क्षीण आवाजात म्हणाली. "देवा, मीसुद्धा विचारलं नाही."

साहेब धावत आत गेले, फोन करून धावत बाहेर आले. जीप निघायला हवी होती आणि फाटकात ही गाडी. "उतरा, मी काढतो," म्हणत त्यांनी दार उघडलं. सासूबाई हलल्या नाहीत.

"लायसन्स दाखवा."

साहेबांनी एक खिसा चाचपला, दुसरा चाचपला. ते घरी राहिलं होतं. त्यांनी पायऱ्यांकडे पाहिलं, आकाशाकडे पाहिलं आणि ते काहीच बोलले नाहीत.

"गप्प राहायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, साहेब," बारकी म्हणाली, आणि सगळं आवार हास्यानं दणाणलं. शेवटी सहा पोलिसांनी मिळून गाडी ढकलली आणि जीप सुटली.

चारच्या सुमाराला व्हॅन सापडली. दोघं चोर तिच्यातच झोपले होते, आणि झुंबर उलटं, अकरा लोलक कमी. टकला मालक ठाण्यात आला, सासूबाईंसमोर कितीतरी वेळ हात जोडून उभा राहिला, मग मास्तरणीसमोर आणि मग चुकून कॉन्स्टेबल बाईसमोरही.

सह्या करायच्या आधी बारकीनं बजावलं, "वाचल्याशिवाय नाही." सासूबाईंनी चष्मा लावला आणि जबाबाची तीन पानं ओळीवर बोट ठेवून वाचली. पाऊण तास लागला. साहेब समोर बसून होते. सासूबाईंनी दोन ठिकाणी शुद्धलेखन सुधारायला लावलं, आणि 'वयस्कर महिला' हे शब्द खोडून 'शिकाऊ चालक' लिहायला लावले. मग त्यांनी सही केली, पेनाला टोपण लावलं आणि साहेबांना विचारलं, "आता लग्नापासूनचं सांगू का? ते अर्धंच राहिलंय."

साहेबांनी हातातलं घड्याळ काढून ठेवलं. मग खुर्ची पुढं ओढली, कॉन्स्टेबल बाईला पाच चहा सांगितले आणि म्हणाले, "स्कूटरपर्यंत भिंतीतून ऐकलंय मी. पुढचं सांगा."