मागच्या ब्रेकची वायर

मनगटाचं प्लास्टर निघालं की सिस्टरचा रागही उतरेल, असं घरात सगळ्यांना वाटलं होतं. झालं उलटंच. हात मोकळा झाला आणि राग जास्तच चढला.

ती घरोघरी जाऊन जखमांची मलमपट्टी करणारी नर्स. सगळी वस्ती तिला सिस्टरच म्हणायची. सख्खा भाऊसुद्धा चिडला की ‘ऐका, सिस्टरबाई’ अशी सुरुवात करायचा. सकाळी कॅरियरला पेटी बांधायची आणि सायकलवर टांग मारायची, ती दुपार कलल्यावरच घरी. गल्लीबोळांत आणि चढ-उतारांवर दुसरं काही उपयोगाचंच नव्हतं.

वस्तीत सायकल दुरुस्तीचं दुकान एकच. त्याच्या मालकाला लहानथोर सगळे उस्ताद म्हणत. सिस्टरनं त्याच्याकडे दोन्ही ब्रेकच्या वायरी बदलायला सायकल टाकली होती. “नव्याकोऱ्या घातल्यात ताई, डोळे मिटून चालवा,” असं म्हणून त्यानं ती परत दिली. पुढच्याच आठवड्यात भर उतारावर पुढच्या ब्रेकची वायर तटकन तुटली, मागचा ब्रेक नुसता खुरखुरला आणि सिस्टर समोरच्या भिंतीवर जाऊन आदळली. मनगट मोडलं.

तेवढ्यावर भागलं असतं तर ती गप्प बसलीही असती. पण गळ्यात हात अडकवून ती दुकानात विचारायला गेली, तेव्हा उस्ताद गिऱ्हाइकांकडे बघत हसला. “वायर नवीच होती हो. पण ब्रेक कधी दाबायचा, किती दाबायचा, याचाही अंदाज लागतो. बायका घाबरल्या की आवळून धरतात. मग वायर बिचारी काय करणार?”

गिऱ्हाईकं हसली. सिस्टरच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण ती तशीच माघारी फिरली. सायकलमधलं तिला ओ की ठो कळत नव्हतं, आणि ते त्याला पक्कं ठाऊक होतं.

त्याहून वाईट पुढेच होतं. तिच्या रोग्यांत एक आजोबा होते, भारी खवचट. साखरेचा आजार, पायाला जखम. सिस्टर घरी बसली त्या दिवसांत बदली नर्स कधी आली, कधी आलीच नाही. जखम चिघळली आणि आजोबांच्या पायाचा अंगठा कापावा लागला. ही बातमी ऐकून सिस्टर स्वयंपाकघरात गेली आणि उगाचच भांडी आदळत राहिली.

“आता त्या सायकलचा नाद सोड,” दादा म्हणाला. “मी पहिल्यापासून सांगत होतो.”

“तू पहिल्यापासून सगळंच सांगत असतोस,” ती म्हणाली. “सायकल सोडणार नाही. दुरुस्त करायला शिकणार.”

“या वयात?”

“मग काय, पुढच्या जन्मी?”

पण शिकवणार कोण? सायकली विकणाऱ्या मोठ्या दुकानात विचारलं तर तिथला विक्रेता म्हणाला, “आम्ही विकतो, शिकवत नाही.” तंत्रशाळेच्या कारकुनानं तिला आपादमस्तक न्याहाळलं आणि मुलाला घेऊन या म्हणून सांगितलं. मला मूल नाही, सायकल आहे, असं तिनं त्याला ठणकावलं. मोबाइलवरचे व्हिडिओ बघून दुखऱ्या हातानं तिनं दादाच्या जुन्या सायकलची चेन काढली खरी, पण परत काही चढेना. फरशीवरचे काळे डाग वहिनीनं मुकाट्यानं पुसले.

शेवटी मार्ग सापडला तो वहिनीलाच. तिच्या शिवणाच्या दुकानाशेजारी जे सभागृह होतं, त्याच्या दारावर कागद लागला होता: सायकल दुरुस्तीचा वर्ग, दर रविवारी सकाळी, आपापली सायकल आणावी. शिकवणाऱ्याचं नाव काही लिहिलेलं नव्हतं.

रविवारी सिस्टर अपघातातली सायकल ढकलत तिथं पोचली. तिनं ती मुद्दामच तशीच ठेवली होती. उस्तादच्या दुकानाची पायरी तिला पुन्हा चढायची नव्हती आणि दुसरं दुकान नव्हतं. सभागृहामागच्या अंगणात बरीच मंडळी आपापल्या सायकली घेऊन उभी होती. समोर टेबलावर पाने, पकडी, ग्रीसचा डबा. आणि टेबलामागे बाह्या सारून उभा होता साक्षात उस्ताद.

सिस्टरनं सायकल वळवली. फाटकापर्यंत गेलीसुद्धा. तिथं तिच्या मनात आलं, मी का जायचं? तोंड लपवायचं काम माझं आहे का? ती उलट फिरली आणि थेट पहिल्या रांगेत जाऊन उभी राहिली.

उस्तादनं तिला पाहिलं. मग सायकल पाहिली. त्याचा आवाज किंचित घसरला, पण त्यानं पंक्चर कसं काढायचं ते शिकवायला घेतलं. चांगलं शिकवत होता, हेही तिला खटकलं. ज्याला काम येत नाही त्याची चूक समजू शकते. याला तर सगळं येत होतं.

“आता ब्रेक,” तो म्हणाला. “नमुन्याला एखादी सायकल...”

“ही घ्या,” सिस्टर म्हणाली.

“तुमची नको ताई, तिचं काम मोठं आहे. दुसरी एखादी—”

“पुढची वायर तुटलीय, ती राहू दे. मागची आहे जागेवर. मागचा ब्रेक उघडा.”

“ताई, ते आपण नंतर बघू.”

“आता. सगळ्यांसमोर. शिकायलाच आलोय ना आम्ही?”

शेजारची बेकरीवाली बाई सहज म्हणाली, “उघडा की हो, आम्हालाही दिसेल.”

उस्तादला सुटका उरली नाही. त्यानं पाना लावला, वायर सोडवली आणि वरच्या काळ्या चकचकीत नळीतून ती ओढू लागला. सरळ येईना. कुरकुरत, अडखळत बाहेर आली, तेव्हा बेकरीवालीनंच नाक मुरडलं. वायर गंजून तांबडी झाली होती. मधेच धागे तुटून काट्यांसारखे उभे राहिले होते.

“ही तर जुनी आहे,” ती म्हणाली. “वरची नळी तेवढी नवी दिसतेय.”

“विचारा त्यांना,” सिस्टर म्हणाली. आवाज चढवायचा नाही असं ठरवूनही तो चढलाच. “विचारा, ‘नवीकोरी’ म्हणून माझ्या हातात कोणी दिली. मी पडले, हात मोडला. विचारायला गेले तर बायकांना ब्रेक दाबता येत नाही म्हणाले. चार लोकांत हसले मला!”

उस्ताद वायरीकडेच बघत होता.

“वायरी संपल्या होत्या त्या दिवशी,” तो हळूच म्हणाला. “नळ्या घालून दिल्या. माल आला की बोलावून बदलू म्हटलं. राहून गेलं.”

“मग मी आले तेव्हा हे का नाही सांगितलंत?”

“लोक उभे होते दुकानात.”

“आजही उभे आहेत.”

त्यानं मान खाली घातली. “चुकलं माझं. यापुढे तुमची सायकल मी स्वतः—”

“तुमचा हात माझ्या सायकलला लागणार नाही. तुम्ही सांगा, मी करते. आणि उद्या सकाळी माझ्याबरोबर यायचं. एका माणसाला भेटायचंय.”

दोन्ही वायरी तिनं स्वतः बदलल्या. तो लांब उभा राहून सांगत होता: आता ताण दे, आता स्क्रू आवळ. घाईत तो अरे-तुरेवर आला आणि लगेच सावरून ‘द्या’, ‘आवळा’ म्हणू लागला. दुखऱ्या मनगटातून कळा येत होत्या, पण तिनं पाना खाली ठेवला नाही.

दुसऱ्या दिवशी तो येईल असं तिला वाटलं नव्हतं. तो आला. धुतलेला शर्ट घालून, आजोबांच्या पलंगाशी चोरासारखा उभा राहिला. सिस्टरनं बँडेज सोडलं आणि म्हणाली, “बघा.”

त्यानं पाहिलं. चेहरा पांढराफटक पडला. जमेल तसं सगळं त्यानं सांगितलं. आजोबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“माझा अंगठा माझ्या साखरेनं खाल्ला रे बाबा,” ते म्हणाले. “आणि त्या बदली नर्सच्या आळसानं. तुझा नंबर बराच मागे लागतो. बस, खुर्ची घे.”

सिस्टर एकदम भडकली. “आजोबा! याला इथं खुर्ची द्यायला आणलं नाही मी!”

“अंगठा कुणाचा गेलाय? माफ करायचं की नाही ते मी ठरवणार. तुझा हात तुझा, त्याचं तू बघ. माझ्या अंगठ्यावर तुझं भांडण लढू नकोस.”

पट्टी रोजच्यापेक्षा जरा जोरात गुंडाळली गेली. आजोबा ओरडले, “अगं हळू, पाय आहे तो!”

जिन्यात उस्ताद थांबला. “ताई, दुकानात मी जे बोललो... वायरीपेक्षा ते वाईट होतं. माफ करा.”

“ऐकलं मी,” सिस्टर म्हणाली. माफ केलं, असं काही ती म्हणाली नाही, कारण केलं नव्हतं. पुढच्या गल्लीत एक बाळंतीण टाके दाखवायला तिची वाट पाहत होती. तिनं पेटी बांधली आणि निघाली.

पुढच्या रविवारी ती वर्गाला पुन्हा पहिल्या रांगेत होती. त्या दिवशीचा धडा चेनचा होता.