चौदा दिवसांचा पाहुणा

फिलिस्टा नर्सने मला सांगितलं होतं, की गोळी चौदा दिवसांची असली तरी तू मात्र रोज दारावरून एक चक्कर मारत जा. मी मान हलवली आणि मनात म्हटलं, मग या नव्या गोळीचा उपयोग काय? बाई निवृत्तीला आलेल्या. तीस वर्षं तळ्याकाठच्या दवाखान्यात हिवतापाच्या रोग्यांना सुया टोचण्यात गेलेली. त्यांना नवीन काही पटत नाही असं मी धरून चालले. मी किसुमूच्या कॉलेजात आरोग्याचा कोर्स केलेली, मला नवीन सगळंच पटत होतं.

हिवताप रोखणारी आधीची गोळी रोजची होती. शहरातल्या डॉक्टरांनी अभ्यासासाठी आमचं गाव निवडलं होतं, आणि त्रेचाळीस घरांत सकाळी जाऊन माणूस गोळी गिळतो की नाही हे डोळ्यांनी पाहायचं, हे माझं काम. म्हातारे गोळी गालात दाबून ठेवायचे आणि मी वळले की कोंबड्यांपुढे थुंकायचे. चौदा महिन्यांच्या माझ्या लेकीला, आविनोला पाठीशी बांधून मी उन्हातान्हात फिरत होते. तिला दोनदा ताप येऊन गेला होता. दिवसातून दहा वेळा मी तिच्या कपाळाला हात लावायचे, आणि सासूबाई म्हणायच्या, लावून लावून कपाळ झिजेल पोरीचं.

मग नवी गोळी आली. डॉक्टरांनी शाळेच्या व्हरांड्यात कोमट पाण्याच्या ग्लासात एक टाकून दाखवली. वरचं आवरण विरघळलं आणि आतून सहा हातांची चांदणी उघडली. पोटात ती अशीच उघडते, मोठी झाल्यामुळे पुढे सरकत नाही, चौदा दिवस तिथेच बसून रोज थोडं थोडं औषध सोडते, मग तिचे हात गळतात आणि ती निघून जाते. पुरुषांनी तिला लगेच पाहुणा म्हणायला सुरुवात केली. चौदा दिवस राहतो आणि जेवायला मागत नाही, माझ्या मेव्हण्याला जरा शिकवा म्हणावं, असं एक नाववाला म्हणाला, आणि त्याचा मेव्हणा शेजारीच बसला होता.

गोळी दिल्यावर अर्धा तास माणसासमोर बसायचं, कारण उलटी झाली तर ती पहिल्या अर्ध्या तासातच होते. त्यानंतर पंधराव्या दिवशी जायचं. एवढंच. लहान मुलांना गोळी नव्हती. म्हणून तर मोठ्यांनी ती घ्यायलाच हवी, मोठ्यांच्या रक्तातला हिवताप थांबला तर माझ्या आविनोला चावणारा डास रिकामा असेल, असा मी हिशेब करत होते.

अपोंदी माझी जाऊ. माझ्या नवऱ्याच्या चुलत भावाची, ओगुटूची बायको. आमच्यात जावा एकमेकींना चेष्टेने सवत म्हणतात, आणि ही चेष्टा तिच्याइतकी कुणाला जमायची नाही. लग्न होऊन मी आले त्या आठवड्यात, मक्याच्या पिठाची उगाली घोटताना माझ्या हाताला फोड आले, तेव्हा तिने माझ्या हातातलं लाकडी उलथनं काढून घेतलं होतं. "सर सवते, पुस्तकं वाचून पीठ घट्ट होत नसतं."

फेब्रुवारीत ओगुटूची नाव उलटली. तो तिसऱ्या दिवशी सापडला. तेव्हापासून अपोंदी गावाच्या कडेच्या त्या घरात एकटी. शुद्धीचे विधी होईपर्यंत विधवेने दुसऱ्याच्या घरात पाऊल टाकायचं नाही, दुसऱ्याचं मूल उचलायचं नाही. दोष लागतो, मूल वाळत जातं. विधी थोरल्या दिराशिवाय होत नाहीत, आणि थोरले दीर नैरोबीत. त्यांना रजा मिळत नव्हती. एप्रिल गेला, मे गेला.

माझा या सगळ्यावर विश्वास नाही. तसं मी कॉलेजात असताना वादविवादात उभं राहून बोलले आहे. रोजच्या गोळीच्या दिवसांत मी तिच्या अंगणात जायचे, ती दाराच्या चौकटीत बसून गोळी गिळायची, आम्ही दोन शब्द बोलायचो. पण आविनोला मी तेवढ्यापुरती सासूबाईंकडे ठेवून जात होते. कुणी विचारलं असतं तर ऊन लागतं म्हणून, असं सांगितलं असतं.

नव्या गोळीच्या दिवशी आविनोला ठेवायला कुणी नव्हतं. सासूबाई बाजाराला गेल्या होत्या. मी तिला पाठीशी घेऊनच अपोंदीकडे गेले आणि अंगणाच्या कडेला, शेराच्या कुंपणापाशी उभी राहिले. गोळीचं पाकीट दगडावर ठेवलं. तिने ते उचललं, पाण्याबरोबर गिळलं, तोंड उघडून दाखवलं. मग तिने आतून स्टूल आणून चौकटीबाहेर ठेवलं, माझ्यासाठी.

आविनो रडायला लागली. मी म्हटलं, भूक लागली असेल हिला. अपोंदी म्हणाली, पाज की इथे, सावली आहे. मी म्हटलं, नको, घरी जाऊनच पाजते. त्या अंगणात मी फार तर पाच मिनिटं होते. कागदावर मी अर्धा तास लिहिला.

चौथ्या दिवशी दुपारी मी दारात बसून ओमेनाचे बारीक मासे निवडत होते, आविनो मांडीजवळ. कुंपणापलीकडे अपोंदी येऊन उभी राहिली. आत येणार नव्हतीच. अंगाभोवती गुंडाळलेल्या लेसोच्या टोकाला गाठ मारलेली होती आणि ती गाठ तिने मुठीत धरली होती. मी बसल्या जागेवरून ओरडून विचारलं, पाहुणा काय म्हणतो? ती हसली.

"तेच विचारायचं होतं गं."

"पंधराव्या दिवशी येतेच आहे मी. तेव्हा सगळं सांग."

ती थोडा वेळ उभी राहिली. आविनो तिच्याकडे बघून हात नाचवत होती. अपोंदीने बोटं हलवली, "बरं" म्हणाली आणि गेली. मला उठून कुंपणापर्यंत जायला वीस पावलं लागली असती. मासे निवडून झाल्यावर जाऊ असं मी ठरवलं. मग आविनो झोपली, मग सासूबाई आल्या.

अकराव्या दिवशी सकाळी पाण्याला जाताना तिच्या कोंबड्यांचा आवाज घरातून येत होता. ऊन चांगलं वर आलं होतं. त्या वेळेला कोंबड्या कुणी कोंडून ठेवत नाही. मी हाक मारली, पुन्हा मारली, आणि डबा खाली ठेवून आत शिरले.

ती चटईवर होती. अंग असं तापलेलं की हात ठेववेना. डोळे उघडे, पण मला ओळखत नव्हती. ओगुटूशी बोलत होती, जाळं आत घे म्हणत होती. लेसो अंगावरच होता आणि टोकाची गाठ तशीच. मोटरसायकलवर तिला मधे धरून दवाखान्यात नेलं तेव्हा नर्सने कपडे सोडले आणि गाठीतून गोळी निघाली. आवरणासकट, अख्खी, स्वच्छ धुतलेली. मी पाठ वळवल्यावर थोड्याच वेळात तिला उलटी झाली असणार. तिने ती मातीतून उचलून धुतली आणि पुन्हा गिळायची का, हे विचारायला माझ्या कुंपणापर्यंत आणली.

नर्स फिलिस्टाच होत्या. त्यांनी गोळी ट्रेमध्ये ठेवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, शीर सापडत नाहीये, हात घट्ट धर हिचा.

सहा दिवसांनी ताप उतरला. अपोंदी वाचली, पण पूर्वीची राहिली नाही. ऐकू कमी येतं, शब्द शोधावे लागतात, मधेच वाक्य सोडून देते. मी खाटेजवळ बसून तिला सांगितलं की चूक माझी होती, मी बसले नाही. तिने किती ऐकलं मला माहीत नाही. ती माझ्या मोकळ्या पाठीकडे बघत होती. मग म्हणाली, "पोरगी कुठंय?"

"घरी."

"बरंय. इथे आणू नको."

डॉक्टरांना मी खरं सांगितलं. त्यांनी कागद दुरुस्त केला, माझं काम दुसऱ्या बाईला दिलं. औषधाचा दोष नव्हता हे त्यांना लिहिता आलं. घरात मात्र सासूबाई, चुलत सासरे, सगळे एकच म्हणत होते, की विधी राहिले म्हणून हे झालं. मी ताट वाढत होते. त्या वेळी एक वाक्य बोलले असते तरी पुरलं असतं. सगळे थोरल्या दिराला दोष देत होते, आणि मी ते तसंच राहू दिलं.

त्यामुळे तिला दवाखान्यातून कुणी या घराकडे परत आणलं नाही. तिचा भाऊ ओबुरा येऊन नावेने घेऊन गेला. माहेरीसुद्धा विधी न झालेली मुलगी घरात घेत नाहीत; त्याने तिची सोय किनाऱ्यावर, मासे वाळवायच्या जाळ्यांशेजारी पत्र्याच्या खोपटात केली असं कळलं. फोन लागत नाही. जुलैत मी आविनोला पाठीशी बांधून गेले. या वेळी बांधूनच गेले. खोपट रिकामं होतं. ओमेना पसरणाऱ्या बायका म्हणाल्या, मासळी हलली तशी ती बायकांच्या टोळीबरोबर रेंबा बेटावर गेली, तिथे निवडायला माणसं लागतात. एकीने सांगितलं की जाताना तिला पुन्हा थंडी वाजत होती. दुसरी म्हणाली, नाही, ती दुसरी कुणीतरी.

रेंबावर किती टोळ्या आहेत, आणि त्या दर महिन्याला कुठे हलतात, हे तिथल्या लोकांनाच ठाऊक. मी दोनदा नावेपर्यंत गेले. एकदा तळं खवळलं होतं, एकदा आविनोला ताप होता. म्हणून हे लिहिते आहे. तुमच्यापैकी कुणी त्या बाजूला जाणार असेल, कुणाचा भाऊ, कुणाचा नवरा तिथे जाळी टाकत असेल, तर मासे निवडणाऱ्या बायकांत अपोंदीची चौकशी करा. उंच आहे, समोरचा एक दात तुटलेला, मागून हाक मारली तर वळणार नाही, समोर जाऊन उभं राहावं लागेल. ती तुमच्या दाराशी येणार नाही, तुम्हीच जा. कपाळाला हात लावून बघा. आणि तिच्यापाशी अर्धा तास बसा.