तांदळाच्या डब्यातली भाषा

मित्रांनो, मी एक जुनी संगणकाची भाषा आहे आणि सध्या माझा मुक्काम तांदळाच्या डब्यात आहे. हसू नका. क्युबातल्या आमच्या हिबारा गावाच्या खाऱ्या, दमट हवेत पेन ड्राइव्ह कोरडा ठेवायचा तर दुसरा उपाय नाही.

माझा जन्म बंदराच्या कचेरीतला. तिथला संगणक इतका जुना, की माझी तयार मिळणारी कुठलीच प्रत त्याच्यावर चालेना. म्हणून तिथे हवामानाचा अंदाज काढणाऱ्या मिग्दालियाबाईंनी माझा सोर्स कोड, म्हणजे मूळ मजकूर, हवानाहून मागवला आणि मला तिथेच घडवायला घेतलं. त्या संगणकावर आधीपासून असलेली माझी जुनी आवृत्ती तो मजकूर वाचून मला तुकड्यातुकड्याने उभी करत होती. दोनदा वीज गेली. दोन्ही वेळा बाईंनी पहिल्यापासून सुरुवात केली. तिसऱ्यांदा मी उभी राहिले, तेव्हा त्यांनी संगणक हलकेच थोपटला. पुढे माझी एक प्रत पेन ड्राइव्हवर काढून त्यांनी घरी नेली.

अकरा वर्षं मी वाऱ्याचं आणि लाटांचं गणित केलं. संध्याकाळी सहाला बाई रेडिओवर अंदाज वाचायच्या आणि तो ऐकूनच कोळी होड्या सोडायचे. फार सुखाचे दिवस होते ते. कौतुक मात्र बाईंचं व्हायचं, माझं नावही कुणाला ठाऊक नव्हतं. थोडं वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू?

बाई निवृत्त झाल्या आणि त्यांचाच जुना विद्यार्थी योस्वानी त्यांच्या जागी आला. समुद्रात लाटा मोजणारं नवं यंत्र बसलं. त्याचे आकडे मला वाचता येईनात, तेव्हा माझी नवी आवृत्ती आणणं भागच होतं. पण संगणकात जागा कमी. योस्वानीने दुपारी आधी मला पुसलं आणि मग नवीला घडवायला बसला. नवी अडून बसली. तिला घडवायला जुनी लागते, आणि जुनी तर गेली होती. इंटरनेट सकाळपासून बंद. बाहेर उत्तरेचा वारा जोर धरत होता. योस्वानीचा सासरा एउसेबियो होडीत जाळी भरून बसला होता. सहापर्यंत जावई रेडिओवर काही बोलला नाही तर आपण निघालो, असं त्याने बजावलं होतं.

योस्वानी धापा टाकत बाईंच्या घरी आला. मी फळीवरच्या डब्यातून ऐकत होते.

“बाई, मी जुनी पुसून टाकली.”

“सुईणीला हाकलून दिलंस आणि आता बाळंतपण अडलं म्हणून माझ्या दारात आलास होय?” बाईंनी डबा खाली काढला. “घे. कॉफी परत येशील तेव्हा देईन.”

तांदूळ झटकून त्याने मला नेलं. मी कामाला लागले. वीज जाईल या भीतीने योस्वानी खुर्चीवर टेकलासुद्धा नाही. पावणेसहाला नवी उभी राहिली आणि तिने पहिलाच आकडा वाचला तो दीड पुरुष उंच लाटांचा. सहाला योस्वानीने रेडिओवर सांगितलं, आज होड्या सोडू नका. एउसेबियोने कुरकुरत जाळी उतरवली. सकाळी पाहिलं तर लाटांनी धक्क्याचा कठडा उचलून रस्त्यावर टाकला होता.

त्या दिवशी योस्वानी मला परत द्यायला आला, आणि नवीचीही एक प्रत घेऊन आला. सोबत एउसेबियो होता. त्याने विचारलं, “हीच का ती?” बाईंनी मान डोलावली आणि आम्हा दोघींना तांदळात ठेवलं. त्या म्हाताऱ्याने आपल्या राठ हाताने डबा हलकेच थोपटला.

मित्रांनो, नवं जरूर आणा. फक्त ते उभं राहीपर्यंत जुन्याला पुसू नका. आम्हाला जागा फार लागत नाही. मूठभर कोरडे तांदूळ पुरतात.